उतरलात? आता पोहोचा!

लंडनहून विमान नऊएक तासांत मुंबईला आणून सोडतं. त्यानंतर मुंबईहून मुंबईला जायचं असतं. या दुसऱ्या प्रवासाची वेळ तिकिटावर छापलेली नसते, कारण ती सांगण्याची छाती कुठल्याच कंपनीला होत नाही.

सहारचा विमानतळ मुंबईतच आहे, याबद्दल महापालिकेला शंका नाही. पण पार्ल्याचा माणूससुद्धा फोर्टात जायचं असलं की 'टाउनला जाऊन येतो' असं सांगून निघतो, आणि घरचे त्याची जेवायला वाट बघत नाहीत. परदेशी पाहुणा मात्र पंचवीसेक किलोमीटरचा हिशोब मांडून आलेला असतो. त्याला हसू नये. अतिथी देव असतो, आणि देवाला संयम शिकवायला आपल्याकडे वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे आहे.

२०१४ साली सुरू झालेलं टी २ टर्मिनल बघण्यासारखं आहे, यात वाद नाही. मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेले पांढरे खांब, तीन किलोमीटरहून लांब कलाभिंत, तिच्यावर देशभरातून आणलेल्या मूर्ती, दरवाजे, झरोके. एवढी कला पचवून माणूस बाहेर येतो आणि त्याची गाठ थेट वास्तववादाशी पडते.

ॲपवर गाडी मागवली की ओटीपी लगेच येतो. गाडी येत नाही. मग फोन.

"सर, किधर हो?"

"बाहेर आलोय, गेटपाशी."

"गेट पे नहीं, पार्किंग में आओ."

पार्किंग मजल्यांचं. लिफ्टपाशी ट्रॉल्या आडव्या-तिडव्या लागलेल्या. प्रत्येक ट्रॉलीवर तीन बॅगा, सगळ्यात वर ड्युटी फ्रीची पिशवी, आणि त्या पिशवीवर हात ठेवून उभे असलेले काका. नातवाला क्षणभर सोडतील, पिशवी नाही. आपण खाली जावं तर गाडीवाला वर गेलेला, आपण वर यावं तर तो म्हणतो, "आप कॅन्सल कर दो." आपण रद्द केली तर भुर्दंड आपल्याला, त्याने केली तर त्याला. म्हणून दोघंही न हलता एकमेकांचा अंत पाहत राहतात. मोबाईलवरची ती इवलीशी गाडी तेवढी गोल गोल फिरत असते.

रिक्षा स्वस्त. पण तिचं राज्य पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला शीवपर्यंत. त्यापुढे टाउनच्या बाजूला तीन चाकांना मज्जाव. हद्द आली की रिक्षावाला बॅगांसकट उतरवतो आणि ज्या निर्विकार चेहऱ्याने मागे वळतो, तो चेहरा इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यालाही साधत नाही. टॅक्सीला हद्द नाही, तिथे फक्त एक प्रश्न असतो: "सी लिंक से लूँ क्या?" हो म्हणावं तर १०० रुपये टोल आपला, नको म्हणावं तर माहीम-दादरची गर्दी आपली.

अस्सल जुन्या मुंबईकराला हे सगळे चोचले वाटतात. तो अंधेरीला जातो, १० रुपयांत चर्चगेटचं तिकीट काढतो आणि बॅग घेऊन लगेजच्या डब्यात शिरतो. डब्यात मासळीच्या टोपल्या. बॅगेवरचं 'हेवी' असं नारिंगी लेबल बघून मावशी विचारतात, "दगड भरून आणलेस काय रे?" स्विस चॉकलेटं सुखरूप पोहोचतात, फक्त घरी पहिल्या दिवशी बोंबलासारखी लागतात.

आता मेट्रो. थट्टेच्या सदरात सरकारी कामाची तारीफ करताना हात थरथरतो, पण करायलाच हवी. मेट्रो ३ झकास झाली आहे. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये. टी १ आणि टी २ या दोघांनाही आपापलं स्थानक आहे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा मार्ग फिरलात तरी तिकीट ७० रुपये. त्याआधी २०१४ पासून मेट्रो १ वर 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्थानक होतंच. तिथे उतरणाऱ्याला रोड मिळायचा, एअरपोर्ट ज्याने त्याने शोधायचा.

नव्या मेट्रोच्या भुयारात पहिले कित्येक महिने मोबाईलला रेंज नव्हती. 'उतरलो' एवढा निरोप टाकून खाली गेलेला माणूस टाउनमध्ये जमिनीवर उगवेपर्यंत घरच्यांनी निम्म्या नातेवाइकांना फोन करून झालेले असायचे. तरी हे चालण्यासारखं होतं. खरी गंमत घड्याळात आहे.

युरोपातल्या कितीतरी विमानतळांवर रात्रीच्या विमानांना निर्बंध असतात; तिथल्या रहिवाशांची झोप मोडता कामा नये. मग तिथून सोयीच्या वेळी निघालेली कितीतरी विमानं आपल्याकडे मध्यरात्री नाहीतर पहाटे उतरतात. आपली मेट्रो साडेदहाच्या सुमारास शेवटच्या गाड्या सोडून झोपते, ती पहाटे सहाच्या सुमारास उठते. म्हणजे ज्या स्थानकाच्या नावातच 'आंतरराष्ट्रीय' आहे, तिथे आंतरराष्ट्रीय प्रवाशाला बंद दार भेटतं. नागपूरहून दुपारी आलेला माणूस मात्र खुशाल आत जातो आणि विचारतो, एवढी रिकामी कशी?

दिवसा उतरणाऱ्यांचं तरी काय? लंडनच्या हीथ्रोला भुयारी रेल्वे १९७७ सालीच पोहोचली. तिकडे गेलेला गिरगावातला भाचा पहिल्याच फोनवर मामांना सांगतो, "ट्यूबनेच गेलो मामा, टॅक्सीला कोण देतो एवढे पौंड!" मामा ही काटकसर चाळभर सांगून येतात. दोन वर्षांनी भाचा लग्न करून डिसेंबरात येतो. योगायोगाने विमान दिवसाचं असतं. मेट्रोचं गिरगाव स्थानक घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मामा म्हणतात, "टर्मिनलच्या पायथ्याशीच मेट्रो आहे, ये सरळ." त्यावर मामी उसळतात. "नवी सून पहिल्यांदा घरी येतेय आणि तुम्ही तिला मेट्रोने आणताय? लोक काय म्हणतील?"

गाडी जाते. गाडीत मामा, मामी, मामींची बहीण आणि तिची नात, कारण नातीला विमान बघायचं असतं. विमान कुठूनच दिसत नाही, दिसतं ते पार्किंगचं बिल. परत निघताना भाच्याच्या चार बॅगा आणि सूनबाई गाडीत बसवल्यावर जागा उरत नाही. मग मामा आणि नात मेट्रोने निघतात. घरी येऊन मामांचा चहा होतो, आंघोळ होते, नात झोपून उठते. तेव्हा गाडी वरळीत असते, आणि मामी सूनबाईंना सी लिंक दाखवून झाल्यावर आता पुढच्या गाडीचे दिवे दाखवत असतात.

दरम्यान २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. म्हणजे चुकीच्या विमानतळावर जाण्याची जी सोय लंडन-न्यूयॉर्कच्या लोकांना होती, ती आता आपल्यालाही झाली. तिथून टाउनला यायला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आहे, मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये. मेट्रोचा मात्र पत्ता नव्हता. दोन विमानतळांना जोडायची ती मेट्रो ८ कागदावर. घर बांधून झाल्यावर जिना आठवावा, तसं हे चाललंय. त्यापेक्षा सहार ते नवी मुंबई विमानच सुरू करावं, असं आमच्या एका मित्राचं म्हणणं आहे. पण उतरल्यावर काय, हा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही.

मेट्रोच्या कारभाऱ्यांना एक विनंती. रुळांची, तारांची देखभाल रात्रीच करावी लागते, हे मान्य. पण जायचा बोगदा वेगळा आहे आणि यायचा वेगळा. एकात दुरुस्ती चालू असताना दुसऱ्यातून निदान तासाला एक गाडी विमानतळ ते कफ परेड सोडून बघा. लंडनवाल्यांची झोप आपण आजवर सांभाळली, आता दोन तास आपल्या प्रवाशाचीही सांभाळू.

आणि वाचकहो, तोवर दिवसाचं विमान मिळालं तर सरळ मेट्रोने या. मामींना फोन घरी पोहोचल्यावर करा.