अ सात, ब पाच, क तीन

महाराष्ट्रातल्या शाळांत चित्रकलेचा तास अगदी नियमित होतो. वेळापत्रकात तो छापलेला असतो, घंटा होते, सर वर्गात येतात. फक्त ते गणिताचे असतात.

गायन-नृत्याचं बरं आहे. बहुतेक ठिकाणी त्याचा तासच नसतो, त्यामुळे तो कुणाला खाताही येत नाही. त्याची भरपाई डिसेंबरात होते. गॅदरिंगच्या आधी तीन आठवडे बाहेरून एक ‘डान्स सर’ येतात, मोबाइल स्पीकरला जोडतात, आणि चाळीस मुलं एकाच गाण्यावर एकाच वेळी उजवा हात वर करतात. ज्यांचा डावा वर जातो त्यांना मागच्या रांगेत झाड करतात. झाला आमचा प्रयोगजीवी कलांचा अभ्यासक्रम.

यात नवं काही नाही, आणि एवढ्यावर सदर भरतही नाही. खरी मौज पुढे आहे. जी कला शाळेत शिकवायला सरकारला सवड नाही, तिचे मार्क मात्र सरकार दहावीत देतं. तेही कलेच्या रकान्यात नाही, कारण तसा रकाना नाही. राज्य मंडळाच्या दहावीत तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. संपलं. कलेचे गुण जातात थेट बेरजेत. म्हणजे वांगं-तांब्या-सुरई नीट रंगवली तर टक्का वाढतो, पण गुणपत्रिका वाचून मुलाला चित्र काढता येतं की नाही हे कुणालाच कळत नाही.

दरपत्रक सर्वांना पाठ आहे. शासकीय रेखाकला परीक्षेतल्या इंटरमिजिएटला अ श्रेणी आली तर ७, ब आली तर ५, क आली तर ३. आधी हा भाव याहून चढा होता, २०१७ साली उतरला. भाव उतरल्यावर कांदेवाले रस्त्यावर येतात तसे काही पालक तेव्हा हळहळले म्हणतात. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य असेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या तीन परीक्षा पास झाल्यावर एक दर, पाच झाल्यावर वरचा दर. लोककला असेल तर प्रयोग मोजायचे: पंचवीस आणि पन्नास.

एलिमेंटरीचे सुटे गुण नाहीत. ती पायरी आहे. पायरीवर कोण थांबतं?

जूनमध्ये चित्रकलेच्या क्लासला फोन येतात, त्यांचा नमुना असा:

“सर, मुलगी आठवीत आहे. उशीर तर नाही ना झाला?”

“कशाला?”

“इंटरमिजिएटला.”

“चित्रं काढते का?”

“छे! पण अ पाहिजे.”

आणि सर अ आणून देतात. त्यांच्या कौशल्याबद्दल मनात किंतु नको. स्थिरचित्रात उजेड कुठूनही येवो, सावली उजवीकडेच टाकायची. संकल्पचित्रात एक फूल, दोन पानं, एक वेलांटी; चौकोन आला तर कोपऱ्यात, वर्तुळ आलं तर फिरवून. कर्तव्यभूमिती म्हणजे तर गणितच, ते चित्रकलेच्या तासाला झालेलंच असतं. राहता राहिलं स्मरणचित्र. कल्पना मूळची सुंदर आहे: जे पाहिलंय ते डोळे मिटून आठवा आणि कागदावर उतरवा. बसथांबा, बाजार, पावसातली शाळा. पण क्लासमध्ये त्यावर उपाय सापडलाय. तीन माणसं घोटून घ्यायची. एक पाठमोरी बाई, एक टोपीवाला आजोबा, एक पळणारा मुलगा. विषय बाजाराचा आला तर बाईच्या हातात पिशवी, रेल्वे स्थानक आलं तर आजोबांच्या हातात ट्रंक, पाऊस आला तर तिघांवर छत्री. पाठमोरी बाई का, असं विचाराल तर चेहरा काढावा लागत नाही. पाव इम्पिरिअल कागदावर ही तीन माणसं वर्षानुवर्षं उभी आहेत. ट्रंक आता कुठल्याही स्थानकावर दिसत नाही, पण आजोबा ती खाली ठेवायला तयार नाहीत.

परीक्षेला बसणाऱ्या पोराने स्वतःच्या गल्लीतला पावभाजीचा गाडा काढला, गाड्यावर उकिडवं बसून फोन बघणारा माणूस काढला, तर? सर घाबरतात. “वर्षभर गाडा काढ, परीक्षेत टोपीवाला.”

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधरांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. मंदिर म्हणजे मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, स्थापना १८५७. धुरंधर तिथे विद्यार्थी होते, मग शिक्षक झाले. आमच्या दहावीच्या मुलाने आत्मचरित्र लिहिलं तर ‘कलामंदिरातील दोन दिवस’ एवढ्यावर भागेल, कारण परीक्षा दोन दिवसांची असते. तिसऱ्या दिवशी पोस्टर कलरच्या बाटल्या धाकट्या भावाला.

गाण्याकडे वळू. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं शिकायचं तर उस्तादाची मर्जी धरावी लागे. त्यांनी ते फी, वर्ग आणि अभ्यासक्रमाच्या वाटेने चारचौघांना खुलं केलं. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. त्या मंडळाच्या परीक्षा म्हणजे आजच्या महाराष्ट्राची संगीताची शिडी: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद, मग अलंकार. मोजून पाहा. तिसरी पायरी प्रवेशिका पूर्ण, पाचवी मध्यमा पूर्ण. सरकारी दर नेमके तिसऱ्या आणि पाचव्या पायरीवर. त्यामुळे त्या दोन पायऱ्यांवर आज ही गर्दी. आणि पाचवीच्या वर पाहावं तर मोकळं आकाश. गाणं सर्वांपर्यंत पोचावं म्हणून पलुस्कर लाहोरपर्यंत गेले, आम्ही दहावीपर्यंत जातो.

लोककलेचा नियम वाचून मात्र मी उठून उभा राहिलो. पन्नास प्रयोग! शाळकरी मुलाने! मराठी व्यावसायिक रंगभूमीवर पन्नासावा प्रयोग झाला की निर्माता पेपरात जाहिरात देतो, नारळ फोडतो. दहावीच्या पोराने तेवढे प्रयोग भूगोलाच्या वहीच्या आड करायचे आणि प्रत्येकाचा पुरावा फायलीला लावायचा. हे कागदोपत्री कसं जमतं, ते विचारू नये. चौकात एकदा लेझीम खेळली आणि फोटो वेगवेगळ्या कोनांतून काढले तर किती प्रयोग होतात, हा प्रश्न भूमितीचा आहे, कलेचा नाही.

आणि ज्याच्या घरात गोंधळ पिढ्यानपिढ्या आहे, जो लग्नसराईत बापामागे संबळ घेऊन रात्रभर उभा असतो आणि सकाळी पहिल्या तासाला बाकावर पेंगतो, त्याचे प्रयोग पन्नासाच्या कितीतरी पुढे गेलेले असतात. त्याने सही कुणाची आणायची? तुळजाभवानीची? त्याला शाळेत मिळतात ते दोन छडीचे, पेंगल्याबद्दल. तेही आता बंद झाले, एवढी प्रगती.

हे गुण सुरू करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. खेळाला गुण आहेत तर कलेला का नकोत, हा प्रश्न रास्तच होता. या सातांच्या लोभाने का होईना, तालुक्याच्या गावात कितीतरी घरांत पहिल्यांदा रंगपेटी आली, हेही खरं. माझी तक्रार गुणांबद्दल नाही, ते ठेवलेत कुठे याबद्दल आहे. सीबीएसईच्या दहावीत चित्रकला आणि हिंदुस्थानी संगीत हे रीतसर वैकल्पिक विषय आहेत: अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे, गुणपत्रिकेवर नाव आहे. आमच्याकडे कलेला स्वतःची ओळ द्या, त्या ओळीसमोर एक पूर्णवेळ शिक्षक द्या आणि बेरजेतून तिला सोडा. मग पाहू कोण येतं चित्रं काढायला. कमी येतील. पण गाडा काढणारा येईल.

पूर्णवेळ शिक्षक म्हटल्यावर अर्थखात्याला घाम फुटतो, म्हणून तपशील सांगतो. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी निदेशक नेमायला सांगितलंय. कसा? अंशकालीन. म्हणजे कायद्यानेच कला अर्धवेळ. नववी-दहावी तर त्या कायद्याच्या पलीकडेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं २०२० साली; त्याने जाहीर केलं की कला आणि विज्ञान यांत आता कडक भिंत नको, अभ्यासक्रमातलं आणि अभ्यासक्रमाबाहेरचं असा भेद नको. भिंत पडली. पलीकडे शिक्षक मात्र उभा नव्हता.

जिथे तो आहे, तिथे त्याचं काय चाललंय ते पाहा. ए.टी.डी. झालेला, स्टाफरूममध्ये आजही ‘ड्रॉइंग मास्तर’. शिक्षणाधिकारी येणार असले की स्वागताचा फलक त्याचा. पंधरा ऑगस्टची रांगोळी त्याची, गॅदरिंगचा पडदा त्याचा, संस्थाचालकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्याचा, चारशे प्रमाणपत्रांवर बोरूने नावं घालणं त्याचं. एवढं उरकून तो वर्गाकडे निघतो, तर तिथे गणिताचे सर. “तुमचं काय हो, कधीही होतं. माझा पोर्शन राहिलाय.” तो हसून परत येतो. त्याच्या हातात त्या वेळीही खडू असतो, कारण सूचनाफलकावर ‘मौनं सर्वार्थसाधनम्’ लिहायचं राहिलेलं असतं.

मध्यंतरी बालभारतीने नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ नावाचा विषयच दिला होता, श्रेणीचा. पुस्तक चांगलं. मुलांनी त्याच्या वह्या चोख पूर्ण केल्या, एकाची बघून दुसऱ्याने. ज्या गावात एकही कलादालन नाही, तिथल्या पोरांनीही कलादालनाला दिलेल्या भेटीचं वर्णन लिहिलं. रसास्वादाला एवढी कल्पनाशक्ती लागते हे कलेच्या इतिहासात प्रथमच सिद्ध झालं.

आता २०२०-२१. करोनामुळे रेखाकला परीक्षा झालीच नाही आणि त्या वर्षी चित्रकलेचे वाढीव गुण मिळणार नाहीत असं सरकारने सांगितलं. तेव्हा कोण गहजब झाला! निवेदनं, मागण्या, बातम्या. कलेवर अन्याय! चित्रकलेचा तास इतकी वर्षं गणिताच्या पोटात जात होता, तेव्हा यातलं एक निवेदन कुणी केल्याचं आठवत नाही. पुढे दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि कलाप्रेम जिथल्या तिथे शमलं.

२०२५ च्या दहावीत २११ मुलांना १०० टक्के मिळाले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. अभिनंदन. सहांतले उत्तम पाच विषय धरायचे, ५०० पैकी बेरीज करायची, वर कला-क्रीडेचे वाढीव गुण आणि शंभरावर टोपी. निबंधात कापलेले दोन गुण कुठल्यातरी सुरईने भरून काढले असतील, विज्ञानात गेलेला एक भूपाच्या छोट्या ख्यालाने. मराठीच्या पेपरातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक भरतनाट्यमने सुधारते, असा आंतरविद्याशाखीय चमत्कार नव्या धोरणाच्या कर्त्यांनाही सुचला नसेल.

या सगळ्यात एखादं पोर चुकून अडकतं. म्हणजे त्याला खरंच आवडायला लागतं. अशा वेळी घरात चिंतेचं वातावरण पसरतं. परवा आमच्या कॉलनीतल्या हार्मोनियमच्या क्लासबाहेर असाच प्रसंग चालू होता. पोरगं दहावी होऊन अकरावीला सायन्सला गेलेलं, मध्यमा पूर्ण पदरात, गुण बेरजेत जमा. तरी पेटीवरचा हात उचलायला तयार नाही. बाई वडलांना सांगत होत्या:

“हातात आहे हो त्याच्या. विशारदला बसवा.”

“त्याचे किती वाढतात?”

“काहीच नाही. पाचाच्या पुढे भाव नाही.”

“मग राहू द्या. नीटचा क्लास सहाला असतो. पण या पेटीचं काय करायचं? चांगली अठरा हजारांची आहे.”

बाईंनी पेटीकडे पाहिलं, मग पोराकडे, मग पुन्हा पेटीकडे.

“मी देते खपवून. सातवीतला एक नवीन आलाय. त्याचे वडील सेकंडहँडच बघा म्हणालेत. त्याला तीनच परीक्षा द्यायच्यात.”