ऐकलंत का? बाईंनी चक्क हेलन घेतली!

ज्या बाईंनी उभी नोकरी मुलींच्या वेण्या लाल रिबिनीत बांधून घेण्यात घालवली, त्या आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. पंच्याहत्तरी उलटलेली. डोंबिवलीत त्यांच्यासमोर मोठ्यानं हसायचीही कुणाची टाप नव्हती. तर या बाईंनी परवाच्या कराओकेला काय गावं? ‘इंतकाम’मधला कॅबरे! १९६९चा सिनेमा. पिंजऱ्यात एक माणूस, पिंजऱ्याबाहेर हेलन, आणि माइकवर आमच्या बाई, नऊवारी नव्हे पण इरकली नेसून. कुणीतरी चाचरत विचारलंच, “बाई, हे गाणं?” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “लताबाईंनी गायलंय. त्यात वावगं काय असणार?”

झालं! लताबाईंचं नाव निघालं की पुढे बोलायची सोयच नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलालनी त्यांच्याकडून हे गाऊन घेतलं, तेव्हा आपण कुणाच्या हातात काय देतोय याची त्यांना तरी काय कल्पना!

आता खरं सांगायचं तर आग आपणच लावली. २०१७ साली तो कारवाँ नावाचा रेडिओसारखा डबा निघाला, पाच हजार गाणी आत भरलेला, आणि गावभरच्या मुला-सुनांनी तो आई-बाबांना वाढदिवसाला दिला. म्हटलं, बसतील बिचारे ऐकत. बसले कसले! ऐकता ऐकता गुणगुणायला लागले, मग यूट्यूबवर ट्रॅक सापडले, मग ब्लूटूथचा माइक आला, आणि आता दर महिन्याला हॉल बुक होतो. गाण्यामागे वर्गणी. श्रोते कोण, तर ज्यांचा नंबर अजून यायचाय ते. स्वतःचं गाणं झालं की प्रत्येकाला घरून अर्जंट फोन येतो, त्यामुळे शेवटचा गायक साउंडवाल्यासाठी आणि खुर्च्या आवरणाऱ्या पोऱ्यासाठी गातो.

आणि तयारी म्हणाल तर दहावीला केली नसेल इतकी. पडद्यावरचे शब्द रोमन लिपीत येतात, ते रंग बदलत पळतात आणि मोतीबिंदूला सापडत नाहीत. म्हणून प्रत्येकाची वही. बी विंगमधल्या बँकेतल्या काकांची मी पाहिली. खतावणीसारखी आखलेली. डावीकडे गाणं, उजवीकडे पट्टी, श्वास घ्यायच्या जागी तांबड्या पेनाचं टिंब, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: ‘इको कमी ठेवणे. मागच्या वेळी खोकला दोनदा ऐकू आला.’

पण खरा मामला द्वंद्वगीतांचा आहे. कानात सांगते. नवरा-बायको एकमेकांबरोबर गात नाहीत! काकांची पट्टी काळी एक, काकूंची काळी चार, जमणार कसं? मग काका गातात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींबरोबर, काकू गातात निवृत्त पोस्टमास्तरांबरोबर, आणि दोघं एकमेकांचं व्हिडिओ शूटिंग करतात. वर तक्रार कसली, तर “त्या पोस्टमास्तरांना अंतरा कुठे उचलायचा तेच कळत नाही.” संशय नाही, रुसवा नाही, फक्त तालाची चिंता! आमच्या पिढीत एका लाइकवरून घटस्फोटाची भाषा होते.

गेल्या खेपेला अशाच एका जोडीनं ‘तीसरी मंझिल’मधलं ते धापा टाकायचं गाणं घेतलं. आर.डी. बर्मननी १९६६ साली आशाबाईंना त्या धापा दिल्या, तेव्हा त्या गाडीत बसून त्यांचा सराव करत होत्या आणि ड्रायव्हरनं घाबरून ‘दवाखान्यात नेऊ का’ विचारलं, असा किस्सा सांगतात. आमच्याकडे हॉलच्या वॉचमननं तेच विचारलं, पण गंमत म्हणून नाही.

बरं, गट आहेत. रफीवाले आणि किशोरवाले. भांडणाचं मूळ ‘आराधना’. १९६९ सालीच सचिनदांनी रफीसाहेबांना दोन द्वंद्वगीतं दिली, आणि दार्जिलिंगच्या जीपमधलं आणि शेकोटीपुढचं, ही दोन्ही किशोरकुमारला. त्या शेकोटीच्या गाण्यावर, जे म्हणे एकही कट न घेता एका शॉटमध्ये टिपलं, किशोरकुमारला पहिलं फिल्मफेअर मिळालं. रफीवाले हे अजून विसरलेले नाहीत. त्यांचे पुढारी किशोरचं गाणं लागलं की चहा प्यायला बाहेर जातात. त्यांना म्हटलं, अहो आधीच्याच वर्षी ‘ब्रह्मचारी’साठी रफीसाहेबांनाही फिल्मफेअर मिळालं होतं की. तर म्हणाले, “ते त्यांचंच होतं. हे घेतलेलं आहे.”

त्याच ‘ब्रह्मचारी’वरून दुसरी धुसफूस. मुमताज नारिंगी साडीत शम्मी कपूरबरोबर नाचते ते गाणं निवेदिकेनं लता-रफी म्हणून पुकारलं. मागच्या रांगेतून सात जण एकदम उभे! ते सुमन कल्याणपूर यांचं आहे. लताबाई आणि रफीसाहेब रॉयल्टीच्या वादातून काही वर्षं एकत्र गातच नव्हते, त्या काळात ही जागा सुमनताईंनी भरून काढली आणि ऐकणाऱ्यांनी श्रेय मात्र सरसकट लताबाईंच्या खात्यात टाकलं. या एका मुद्द्यावर रफीवाले-किशोरवाले एक झाले. निवेदिकेला माफी मागावी लागली. मला विचाराल तर योग्यच झालं. ज्या बाई मराठीत ‘अपराध’ची गाणी गाऊन घराघरांत पोचल्या, त्यांचं नाव डोंबिवलीनं चुकवावं?

साठचं दशक संपतानाच्याच गाण्यांवर इतका जीव का, हे बाईंनी उलगडलं. आकाशवाणीनं सिनेमाची गाणी बंद केली होती ती पुण्यात जन्मलेल्या मंत्री केसकरांच्या काळात, १९५२ साली. विविध भारती आली १९५७ला. सरकार निवळलं, पण बाईंचे वडील निवळले नाहीत. बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की ते बातम्या लावत. बाई शेजारी जाऊन ऐकायच्या, ‘गणित समजून घ्यायला’. ‘ॲन इव्हनिंग इन पॅरिस’ बघायची तर सोयच नव्हती, शर्मिला टागोर त्यात पोहण्याच्या पोशाखात होती.

आता वडील नाहीत, मुलं अमेरिकेत आणि रिमोट बाईंच्या हातात. धरबंद कोण घालणार? सोसायटीतल्या तिशीतल्या पोरांनी मात्र अर्ज दिलाय: ज्येष्ठांनी रात्री दहानंतर आवाज कमी ठेवावा, आम्हाला सकाळी कामाला जायचं असतं. अर्ज समितीकडे आहे. समितीत तीन रफीवाले आणि दोन किशोरवाले.

पुढच्या महिन्यात ‘हेलन विशेष’ ठरलंय. एका सुनेनं सासूसाठी ऑनलाइन पिसं मागवलीत, जांभळी. कुठल्या मजल्यावर पार्सल आलं ते मला माहीत आहे, पण माझ्या तोंडून निघायचं नाही. लिफ्टमन सांगेल.