भाडेकरू वगळता सर्व मूळ स्वरूपात

शनिवार पेठेतल्या एका वाड्याचा पुढचा भाग आता रात्रीच्या हिशेबाने मिळतो. जाहिरातीत 'पेशवेकालीन वाड्यातील नूतनीकृत निवास' असे म्हटले आहे. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि या वाड्याच्या तुळईवर बांधणाऱ्याने शके १८१२ असे स्वच्छ कोरून ठेवले आहे. पण पुण्यात खांब सागवानी असला की वाडा पेशवेकालीन ठरतो, हिशेब कुणी मागत नाही.

वाड्यातली जागा खणांत मोजायची. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. या चार खणांत पूर्वी सात माणसांचे बिऱ्हाड होते आणि त्यात गावाकडून शिकायला आलेला एक भाचा. आता तिथे मुंबईचे एक जोडपे दोन रात्री राहते आणि जाताना अभिप्रायात लिहून जाते की पूर्वीचे लोक किती मोकळेपणाने जगत!

नूतनीकरण मात्र मन लावून केले आहे, हे कबूल करायला हवे. खिळ्याएवढी जुनी गोष्टही टाकलेली नाही. दाराजवळच्या भिंतीवर गिलाव्याचा हातभर पोपडा सुटला आहे, आतली वीट दिसते. तो पोपडा तसाच ठेवून त्यावर पारदर्शक रंगाचे दोन हात मारले आहेत, वर एक पिवळा दिवा सोडला आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पाणी जिथवर चढले होते ती रेघ अजून आहे, तिच्याखालून एलईडीची पट्टी फिरवली आहे. त्या दिवशी ज्यांची भांडीकुंडी त्या रेघेखाली बुडाली, त्यांना एवढ्या उजेडात ती सापडली तरी असती. कोनाड्यात, जिथे रॉकेलची चिमणी आणि खोकल्याची बाटली असायची, तिथे वाय-फायचे यंत्र बसले आहे. पासवर्ड 'अटक१७५८'. रेंज दिंडी दरवाजापलीकडे जात नाही.

तर तो पोपडा. त्याखाली भाडेकरू झोपत होते तेव्हा दर मे महिन्यात दारावर नोटीस लागायची : वास्तू धोकादायक आहे, जागा रिकामी करा. जागा रिकामी झाली आणि वास्तूची प्रकृती एकदम सुधारली. पोपडा तोच आहे.

मालकाचेही अगदीच चूक नव्हते. १९४७ च्या भाडे कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून टाकले. पुढे १९९९ चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. चौदा रुपयांवर चार टक्के म्हणजे छप्पन पैसे. त्यात कौले कोण बदलणार? त्यातून पेठेत एक स्वस्त तंत्र रूढ झाले : वाडा पाडायचा नाही, पडू द्यायचा. गळती काढायची नाही, मागचा जिना दुरुस्त करायचा नाही, आणि भाडेकरू तक्रार घेऊन आला की त्याला प्रेमाने सांगायचे, "अहो, तुमच्याच जिवाची काळजी वाटते." पावसाळा हा मालकाचा वकील. फी घेत नाही आणि तारीख चुकवत नाही.

बिऱ्हाडे कोथरूडला, सिंहगड रोडला गेली. जाताना तांब्याचा बंब भंगारात निघाला, कारण फ्लॅटच्या बाथरूममध्ये तो मावेना. त्याच घराण्यातला एक बंब आता जुन्या बाजारातून शोधून, दहापट पैसे मोजून परत आणला आहे. त्यात मनी प्लांट लावला आहे. माजघरात ओट्यासह उघडे स्वयंपाकघर झाले. परसातल्या ज्या संडासापुढे सकाळी टमरेलांची रांग लागायची, त्याचा मात्र पुरावा ठेवलेला नाही. वारशालाही मर्यादा असतात.

माडीवर एक काकू उरल्या आहेत. नवरा गेला, मुलगा बाणेरला, त्या हलल्या नाहीत. मालकाने वीस वर्षे कोर्टात घालवली, त्यांनीही. आता उन्हाळ्यात त्या चौकात सांडगे घालतात, नऊवारी नेसून राखण करत बसतात आणि पाहुणा दिसला की विचारतात, "कुणाकडचे तुम्ही?" पाहुण्यांना हे फार आवडते. प्रत्येक अभिप्रायात काकू आहेत, एक-दोनदा तर खोलीपेक्षा त्यांनाच जास्त तारे मिळालेत.

मागच्या महिन्यात मालक स्वतः जिना चढून वर आले. जिना आता दुरुस्त आहे. हात जोडून म्हणाले, "काकू, एक विनंती होती. शनिवार-रविवार तेवढे मुलाकडे जात जाऊ नका. बुकिंगं असतात."

काकूंनी त्यांना बसायला पाट दिला, चहा टाकला आणि म्हणाल्या, "बसा. भाडे कुणी कुणाला द्यायचे, ते आज एकदा ठरवूनच टाकू."