हेरिंगशास्त्री

ल्यूबेकमध्ये कुणाकडे जेवायला गेलात आणि टेबलावर खारवलेला हेरिंग मासा आला, तर आधी पंगतीत कोण कोण आहे ते पाहून घ्यावं. हेरिंगशास्त्री असतील तर मासा तासभर तसाच राहणार. तो मुळात गारच खातात म्हणून निभतं.

“हा स्कोनेचा,” असं म्हणून ते ताटाकडे बोट दाखवतात. मासा खरं तर सुपरमार्केटच्या डब्यातला असतो. पण शास्त्रीबुवांच्या डोळ्यांपुढे स्वीडनच्या दक्षिण टोकाचा, फाल्स्टर्बोचा किनारा असतो. तिथला शरद ऋतूतला बाजार, थव्यांनी येणारा हेरिंग, आणि तो नासायच्या आत पोट साफ करून मिठात दडपायची घाई. मीठ ल्युनेबुर्गचं. १३९८पासून ते स्टेक्निट्झ कालव्यातून सपाट होड्यांनी ल्यूबेकला यायचं. बारा पिंपं म्हणजे एक लास्ट. “बारा का?” असं चुकून विचारलंत, तर जेवणानंतरची कॉफी विसरा.

हेरिंगशास्त्री हे नाव माझं. पण हा एकच माणूस आहे असं समजू नये, ही जमातच आहे. ताल्लिनपासून बेर्गनपर्यंत, जिथे जुनं बंदर आणि उंच चर्च आहे, तिथे एक तरी सापडतोच. साठीच्या आसपासचं वय, कोपरांवर झिजलेला कॉर्डुरॉयचा कोट, खिशात भिंग आणि पेन्सिल. पुराभिलेखागारात पेन चालत नाही, त्यामुळे पेन्सिलीची सवय अशी हाडात मुरलेली की लग्नाच्या नोंदवहीतही हे पेन्सिलीनंच सही करायला निघाले होते, असं त्यांच्या पत्नी सांगतात.

विषय विचारला की शास्त्रीबुवा “हान्सा” म्हणतात. मग समोरचा हमखास विचारतो, “अरे वा, विमान कंपनीत?” दुसरा फुटबॉलवाला असेल तर रोस्टोकच्या क्लबची चौकशी करतो. हान्सा म्हणजे बाल्टिक आणि उत्तर समुद्रावर व्यापार करणाऱ्या जर्मन शहरांचा मेळ. लंडन, ब्रूज, बेर्गन आणि नोव्हगोरोद इथे त्यांच्या मोठ्या वखारी होत्या, हे सांगेपर्यंत ऐकणारा दुसऱ्या टेबलावर गेलेला असतो.

आणि थांबला असता तरी फार काही हाती लागलं नसतं. कारण हान्सा म्हणजे नक्की काय, यावर या मंडळींचं आजतागायत एकमत नाही. कायमची तिजोरी नव्हती, कायमचं आरमार नव्हतं. सभासद शहरं किती? कुणी सत्तर म्हणतो, कुणी दोनशे. कैसरच्या काळातल्या इतिहासकारांना हान्सामध्ये जर्मन आरमाराचा पूर्वज दिसला, नंतरच्यांना शहरांचा संघ दिसला, आताच्या पोरांना नेटवर्क दिसतं. खुद्द हान्सावाल्यांनीही काही मदत करून ठेवलेली नाही. १४६८मध्ये साउंडच्या सामुद्रधुनीत इंग्रजांची जहाजं पकडली गेली. राग निघाला लंडनमधल्या हान्सा व्यापाऱ्यांवर. त्यांना कोंडलं, माल जप्त केला. तेव्हा १४६९मध्ये ल्यूबेकच्या वतीनं जे कायदेशीर उत्तर गेलं त्याचा मथितार्थ असा: आम्ही मंडळ नाही, भागीदारी नाही, महामंडळही नाही; तेव्हा एकाच्या पापाची वसुली सगळ्यांकडून कशी करता? इतकी हुशारीची टाळाटाळ मी तरी दुसरी वाचलेली नाही.

शास्त्रीबुवांना हे उत्तर तोंडपाठ आहे, आणि ते त्यांच्या उपयोगीही पडतं. कारण ते स्वतः ‘प्रिव्हाटडोत्सेंट’ आहेत. म्हणजे डॉक्टरेट झाली, त्यावर दुसरा जाडजूड प्रबंध लिहून हाबिलिटेशन झालं, विद्यापीठात शिकवायचा अधिकार मिळाला. मिळाली नाही ती नोकरी. पदवी टिकवायची तर शिकवत राहायचं, आणि तेही बहुतेक वेळा फुकट. विद्यापीठाच्या लेखी ते प्राध्यापक नाहीत, कर्मचारी नाहीत, आणि विद्यार्थी तर नाहीतच. आयकराच्या अर्जात व्यवसायाचा रकाना आला तेव्हा त्यांनी १४६९च्या धर्तीवर पानभर मजकूर जोडला. कर खात्यानं पुढे काही विचारलं नाही म्हणतात.

जर्मनीत २००७चा एक कायदा आहे. त्यानुसार मुदतीच्या करारावर डॉक्टरेटआधी सहा वर्षं आणि नंतर सहा, मग कायम व्हा नाहीतर वाट धरा. सरकारनं या कायद्याचं कौतुक सांगायला ‘हान्ना’ नावाच्या काल्पनिक संशोधिकेचा व्हिडिओ काढला होता. २०२१मध्ये तरुण संशोधकांनी त्यावरून “मीच हान्ना” म्हणत रान उठवलं. शास्त्रीबुवांनी तो मुद्रणदोष समजून ‘हान्सा’ अशी दुरुस्ती सुचवणारं पत्र धाडलं.

त्यांना गाऱ्हाणं म्हणून नाही. बेर्गनच्या वखारीत नव्या उमेदवारांना दोरानं धुराड्यात टांगायचे आणि खालून धूर करून वर प्रश्न विचारायचे. “माझ्या हाबिलिटेशनला निदान खिडकी उघडी होती,” ते म्हणतात.

त्यांना खरं बघावं ते वाचनकक्षात. ल्यूबेकचे जुने कागद दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवायला बेर्नबुर्गच्या मिठाच्या खाणीत नेले होते. तिथून बरेचसे सोव्हिएत ताब्यात गेले, आणि १९८७पासून हप्त्याहप्त्यानं परत आले. (मिठावर गब्बर झालेल्या गावाचं दप्तरही मिठातच लपावं, यापुढे कादंबरीकारानं काय करावं?) शास्त्रीबुवा तेव्हा नुकते शिकायला लागले होते आणि तेव्हापासून त्या टेबलावरून उठलेले नाहीत. पुढ्यात फोमच्या उशीवर १३६८च्या जकातीची नोंद. डेन्मार्कचा राजा वाल्डेमार याच्याशी लढायला ही जकात बसवली होती. तांडेलाचं नाव, माल, किंमत, जकात. पिंपांच्या आकड्याला एक बारीक शेपटी आहे. ती लेखणीची की कागदाच्या धाग्याची? बोट न लागू देता ते भिंग तिरकं धरतात, श्वास रोखतात, मान डावीकडे, मान उजवीकडे. शेपटी खरी असेल तर पिंपं तेरा. आणि तेरा असतील तर दुसऱ्या एका शास्त्र्यानं काढलेला अख्खा तक्ता कोसळतो. हा कोसळण्याचा आनंद कुठल्याच पगारात बसत नाही.

तो दुसरा शास्त्री दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सुमारास भरणाऱ्या हान्सा इतिहास मंडळाच्या अधिवेशनात भेटतो. मंडळाचा विचार निघाला १८७०मध्ये, डेन्मार्कशी झालेल्या १३७०च्या श्ट्रालझुंड तहाच्या पाचशेव्या वर्षी. तह साजरा करणाऱ्यांच्या वारसांत मात्र तह होत नाही. व्याख्यान संपलं की शास्त्रीबुवा उठतात, “प्रश्न नाही, एक छोटं टिपण,” म्हणतात, आणि मंडळी मुकाट्यानं घड्याळं बघू लागतात.

सगळा जीव मात्र हिल्डेब्रांड फेकिन्चुझेनवर. हा ब्रूजमधला व्यापारी. फर, मेण, कापड, मसाले, मीठ, कशात हात घातला नाही असं नाही. व्हेनिसच्या भागीदारीत आपटला, कर्जात बुडाला, १४२२ ते १४२५ ब्रूजच्या तुरुंगात बसला, आणि सुटून ल्यूबेकला आल्यावर लवकरच मेला. मागे राहिल्या त्या वह्या आणि सुमारे पाचशे पत्रं. त्यांत ल्यूबेकहून बायकोनं, मार्गारेटनं, घरच्या अडचणी कळवत लिहिलेली पत्रंही आहेत. शास्त्रीबुवांच्या पत्नी दातांच्या डॉक्टर आहेत आणि घर त्यांच्या दवाखान्यावर चालतं. मार्गारेटची पत्रं त्यांनी नवऱ्यापेक्षा बारकाईनं वाचली आहेत.

परवा स्वयंपाकघर नवं करायला शास्त्रीबुवांनी स्वतःच्या नावावर कर्ज मागितलं. नियमित उत्पन्न नाही म्हणून बँकेनं नम्रपणे नकार दिला.

“शेवटी झालाच ना तुमचा हिल्डेब्रांड?” बाई म्हणाल्या.

शास्त्रीबुवांनी चष्मा पुसला. “छे गं,” ते म्हणाले, “त्याला निदान कर्ज मिळायचं.”