लॅपटॉपवरचं वावर

घाटंजीत व्हिडिओ गेम संपवणाऱ्या माणसाला कसलाही मान नाही. पारायण संपलं की लोक पाया पडतात, पीएचडी संपली की चौकात फ्लेक्स लागतो, नोकरी संपली की शाल-श्रीफळ मिळतं. मी पावसाळ्यापासून तीन गेम संपवले. पहिल्या दोन्ही वेळा श्रेयनामावली शेवटच्या नावापर्यंत सरकेस्तोवर खुर्चीत ताठ बसून राहिलो, कारण पराक्रमी माणसाने मध्येच उठू नये. उठलो तेव्हा घरातले सगळे झोपलेले होते.

दुसऱ्या दिवशी टपरीवर विषय काढून पाहिला. "एल्डन रिंग संपवला काल," असं अगदी सहज म्हणालो. हा सहजपणा मी घरून तयार करून नेला होता. एकाने विचारलं, "किती भेटले मंग?" दुसरा म्हणाला, "ते तं सरकारनं बंद केलं ना सर?" ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली, ती गावात पोचली होती. मग मी समजावू लागलो, की माझ्या गेममध्ये पैसे लावायचे नसतात, मिळतही नाहीत, उलट आपणच विकत घ्यायचा आणि मरत राहायचं. टपरीवर शांतता पसरली. रमीत हरलेल्या माणसाबद्दल लोकांना हळहळ तरी वाटते. माझ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं, आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

विदर्भाचा अनुशेष मोजायला 1983 साली दांडेकर समिती नेमली गेली. माझा अनुशेष स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या लायब्ररीत पडला आहे. सेल लागला की घ्यायचे आणि उघडायचे नाहीत, असे गेम तिथे ओळीने उभे आहेत. तो भरून काढण्याचा निश्चय मी केला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी वह्या तपासा." पंचेचाळिशी ओलांडलेला, अकरावी-बारावीला मराठी शिकवणारा माणूस काय भरून काढू पाहतो आहे, हे बायकोला कळत नाही. म्हणजे कळतं, म्हणूनच ती तसं म्हणते.

एल्डन रिंग हा जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा 2022 चा गेम. दिग्दर्शन हिदेताका मियाझाकींचं, त्या दुनियेची पुराणकथा रचायला जॉर्ज आर. आर. मार्टिन. एवढे मोठे लोक एकत्र आले आणि पॉजचं बटण ठेवायचं विसरले. विसरले कसले, मुद्दामच ठेवलं नाही. राक्षस अंगावर आला की आला. दळण आणायचं असो की दारात सिलेंडरवाला उभा असो, तो थांबत नाही. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच बसलेली आहे. त्यामुळे मार्गिट नावाच्या पहिल्याच मोठ्या राक्षसाशी लढताना माझा खरा शत्रू लाईन हा होता. त्याचं रक्त संपत आलेलं, माझा शेवटचा घाव उगारलेला, आणि लाईन गेली. अंधारात मी जे बोललो ते मराठीच्या प्राध्यापकाला शोभणारं नव्हतं, पण शब्दसंपत्ती त्याचीच होती.

बाबा शेजारच्या खाटेवरून म्हणाले, "कोन मेलं?"

त्यांना मी नियम सांगितला. यात मेलं की जवळची सगळी कमाई जिथे पडलो तिथेच सांडते. पुन्हा तिथवर जाऊन उचलायची. पण जाताना वाटेत पुन्हा मेलं, की तीही कायमची गेली.

"दुबार पेरनी," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

एल्डन रिंगवर जगभर तासन्‌तास चालणारी विवेचनं आहेत. मी त्यातली पुष्कळ पाहिली आहेत. इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

तो संपवला त्या रात्री मी स्वतःला शूर समजून अंगणात आलो. आमच्या भागात कृषिपंपाची थ्री फेज बरेचदा रात्री येते, आणि टिपेश्वरचं जंगल तालुक्याला येऊन टेकलेलं. समोरून एक कास्तकार गमबूट घालून, मोबाईलवर मोठ्याने भजन लावून ओलिताला निघाला होता. भजन वाघाला ऐकवायला. त्याने विचारलं, "सर, जागेच?" मी म्हटलं, "हो, जरा काम होतं." ड्रॅगनचा उल्लेख टाळला.

दुसरा गेम राजी. हा पुण्यात झालेला, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी केलेला, 2020 चा. राजी नावाची मुलगी, तिचा भाऊ गोलू राक्षसांनी पळवलेला, हातात त्रिशूळ, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं, हे मी वर्गात दोनदा सांगितलं. त्यातल्या हवेल्या, भिंतींवरची चित्रं पाहताना छाती भरून येत होती, आणि छाती अशी अर्धवट भरलेली असतानाच गेम संपला. गोष्ट ऐन वळणावर सोडून दिलेली. आता पुण्याहून येणारी गोष्ट विदर्भात अर्धीच पोचणार, याची आम्हाला सवय आहे. पण यावेळी ती पुणेकरांनाही अर्धीच मिळाली, एवढं एक समाधान.

आता तिसरा. खरं तर लिहायचं होतं ते याच्याबद्दलच.

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन पोराने चारेक वर्षं घरी बसून चित्रं, संगीत, संवाद सगळं एकट्याने केलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये तो बाहेर आणला. त्याच्या 4 कोटींहून अधिक प्रती खपल्या. शहरातल्या नोकरीला कंटाळलेल्या नायकाला आजोबांची चिठ्ठी सापडते, आजोबांचं वावर त्याच्या नावावर होतं, आणि तो शेती करू लागतो. आमचं खरं वावर गुडघे गेल्यापासून बाबांनी मक्त्याने दिलं आहे. मी त्यात पाऊल टाकतो ते पाहुणे आल्यावर, फोटोपुरतं. पण लॅपटॉपवर मी असा कास्तकार झालो, की बारमाही ओलित, स्वयंचलित तुषार सिंचन, कोंबड्या, गाई, मधाच्या पेट्या, काही विचारू नका. बाबांना म्हटलं, "या, माझं वावर दाखवतो." आयुष्यात प्रथमच हे वाक्य मी त्यांच्यासमोर बोललो होतो.

बाबा चष्मा लावून बसले. पहिला प्रश्न: "सातबारा कोनाच्या नावानं हाय?"

माझ्या. फेरफार झाला? झाला. तलाठ्याकडे न जाता? हो. बाबा थोडे पुढे सरकले.

मग मी त्यांना घरातला टीव्ही दाखवला. गेममधल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात. पाऊस म्हटला की पाऊस, ऊन म्हटलं की ऊन. "चुकत नाही?" नाही. "कधीच?" कधीच नाही. बाबांनी चष्मा काढून पुसला.

आणि मग ती पेटी.

इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण या पेटीवर मी दिवसभर बोलू शकतो आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बोललोही आहे. घराशेजारी एक लाकडी पेटी असते. दिवसभरात जे पिकलं ते तिच्यात टाकायचं आणि झोपायचं. रात्री गावचा सरपंच, लुईस त्याचं नाव, येऊन माल घेऊन जातो. सकाळी उठलं की पैसे खात्यात. संपलं. गाडी नाही, भाडं नाही, अडत नाही, हमाली नाही, काटा नाही. भाव ठरलेला, आणि तो वर्षानुवर्षं तोच. तुम्ही कितीही पिकवा, आवक वाढली म्हणून पडत नाही. मालावर चांदीचा तारा असेल तर सव्वापट, सोन्याचा असेल तर दीडपट. तारा कोण ठरवतं? दिसतच असतो. त्याच्यावर वाद नाही.

आता आमच्याकडची पेटी बघा. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7710 रुपये क्विंटल, लांब धाग्याचा 8110. तो मिळवायचा तर आधी ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्याच पऱ्हाटीसमोर उभं राहून तिचा फोटो काढायचा. मग ॲपवर नोंदणी, मग स्लॉट. मग मेटॅडोर भरून जिनिंगसमोर रांग. मग ग्रेडर येतो, ढिगात मशीनची सुई खुपसतो आणि आकडा सांगतो. 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, पुढे टक्क्यागणिक कपात, आणि 12 च्या वर गेला की गाडी फिरवा. एका केंद्रावर आमच्या मक्तेदाराची गाडी अशी फिरवली, तेव्हा बाबा सोबत होते. बाबांनी मुठीत कापूस दाबला, सोडला, फुलू दिला आणि म्हणाले, "हा ओला नाही." मशीन म्हणालं, ओला आहे. माणूस पन्नास वर्षं कापूस हाताळतो, त्याच्या मुठीची नोंद करायला फॉर्मवर रकाना नाही. गाडी तिथून सरळ व्यापाऱ्याकडे गेली आणि व्यापाऱ्याने, ओलावा न मोजताच, आपल्या मनातला भाव दिला. आणि ऑगस्ट 2025 मध्येच बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलेलं, आधी सप्टेंबर, मग डिसेंबरपर्यंत. हे सगळं मी स्टाफरूममध्ये सांगतो तेव्हा अर्थशास्त्राचे सर म्हणतात, "तुमचा गेमचा विषय चालू होता ना?" तोच चालू आहे.

तर बाबांनी पेटी पाहिली. खूप वेळ पाहिली.

"सरपंच रातच्याले माल नेते आन् सकाळी पुरे पैसे ठेवते?"

"पुरे."

"खात काहीच नाही?"

त्या सरपंचाने गुपचूप आपला सोन्याचा पुतळा घडवून घेतलेला आहे, हे मी सांगितलं. गेममध्ये तो खरंच आहे. बाबांचा जीव भांड्यात पडला. "हं. मंग बराबर हाय."

पुढचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "कापूस कुठी हाय?" मी बियाण्याच्या दुकानातली यादी दाखवली. पार्सनिप म्हणजे पांढरं गाजर, बटाटे, फुलकोबी, मका, गहू, टोमॅटो, मिरची, भोपळा. कापूस नाही. कपडे त्या गावात सगळे घालतात, पण धागा मेंढीचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला शेतीचा गेम देऊन त्यात कापूस न ठेवणं, हे मला तेव्हा प्रथम खटकलं. इतके दिवस माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"फवारा कधी मारतं?" बाबांनी विचारलं.

"यात फवारणी नाही बाबा. कीडच नाही. फक्त कावळे येतात, बुजगावणं लावलं की तेही येत नाहीत."

बाबा काही बोलले नाहीत. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती आणि औषध तोंडावर येत होतं. रोज पेपरात आकडा वाढायचा. त्या महिन्यांत बाबांनी आमच्या वावरातला पंप उचलून घरी आणला आणि माळ्यावर टाकला. म्हणाले, "जेवढं येते तेवढं येऊ दे." त्या हंगामात गुलाबी बोंडअळीने उरलंसुरलंही खाल्लं. मी तेव्हा बाबांवर चिडलो होतो, उत्पन्न किती बुडालं याचा हिशेब मांडून दाखवला होता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

आता या गेमचा शेवट. तसा तो संपत नाही, पण तिसरं वर्ष लागलं की स्वर्गवासी आजोबा येतात आणि नातवाने वावर कसं सांभाळलं याचं मूल्यमापन करतात. उत्तम सांभाळलं तर त्यांच्या समाधीवर चार मेणबत्त्या पेटतात. माझ्या चारही पेटल्या. बाबांना हाक मारून दाखवलं. मराठीच्या प्राध्यापकाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते करुणरसाचं होतं की चार मेणबत्त्यांच्या गर्वाचं, हे सांगणं अवघड आहे.

बाबांनी आजोबांकडे पाहिलं. "मेल्यावर येऊन मार्कं देते का हा? जित्तेपनी काय करत होता?"

"जिवंतपणी चिठ्ठी लिहिली ना, वावर दिलं."

"पोट्ट्याले वावर देल्लं, आन् पोट्टं शेती करतेच मनल्यावर कायचे मार्कं पायजे?" असं म्हणून त्यांनी माऊस स्वतःकडे घेतला. त्यांना फक्त चालवणं जमतं. पेरत नाहीत, काढत नाहीत. माझ्या नायकाला धुऱ्याधुऱ्याने वावराला वेढा घालायला लावतात, खेळातली संध्याकाळ होईस्तोवर. आता तो रोजचा क्रम झाला आहे, आणि माझा खेळायचा वेळ गेला. एकदा गडी रात्री दोनला वावरातच मूर्च्छित पडला, कारण बाबांना घरी जायचं बटण सापडलं नाही. पैसे कापले गेले. बाबा म्हणाले, जागलीला गेलं की होतेच असं.

बॅरोनसाहेब अजून फुकट अपडेट देतात, 1.6 हा अपडेट मार्च 2024 मध्ये आला. तेव्हा घाटंजीहून त्यांना ही जाहीर विनंती. पुढच्या खेपेला कापूस घाला. बोंडअळी घालू नका, ग्रेडर घालू नका, मशीनची सुई घालू नका. भाव तुमच्याच पेटीचा ठेवा. आणि बाबांनी मुद्दाम कळवायला सांगितलं आहे, की नुसता कापूस घालू नका, काही ओळींमागे एक ओळ तुरीची सोडा.