चालतंय ना, मग राहू द्या!

एका कार्यालयात एक सर्व्हर आहे. बसवल्यापासून तो एकदाही बंद पडलेला नाही आणि कुणी केलेलाही नाही, असं तिथले साहेब पाहुण्यांना आवर्जून सांगतात. जाणकाराला हे ऐकून धडकी भरेल. पण पाहुणे बहुधा साहेबच असतात, ते कौतुकाने माना डोलावतात. दसऱ्याला या सर्व्हरला हळदकुंकू लागतं आणि झेंडूचा हार चढतो, तोही नेमका थंड हवा आत ओढणाऱ्या जाळीवर. दुपारपर्यंत पंखे किंचाळायला लागतात. देवाने कौल दिला, असं समजून सगळे पेढे खातात.

या देवाच्या पोटात सेंटओएस ७ ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिचा सपोर्ट ३० जून २०२४ रोजी संपला. कार्यालयात कुणी सुतक पाळलं नाही. उलट साहेबांना त्यातून मुद्दा सापडला. सेंटओएस ८ ही तिची धाकटी बहीण. तिला २०२९पर्यंतचं आयुष्य कबूल झालं होतं, आणि डिसेंबर २०२०मध्ये तेच कापून ३१ डिसेंबर २०२१वर आणलं. म्हणजे थोरली धाकटीनंतर अडीच वर्षं जगली. "बघा," साहेब म्हणाले, "नव्याच्या मागे लागलेल्यांचं काय झालं!" दुर्दैवाने यातला प्रत्येक शब्द खरा आहे.

संगणक कक्षात नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने मात्र अपग्रेडची टिपणी सादर केली. टिपणी अतिशय रटाळ होती. अपग्रेडची टिपणी रटाळच असावी. जिच्यात थरार आहे, ती सही न करता परत पाठवावी. आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर लावून बघायचा, असं तिने लिहिलं होतं.

"बॅकअप रोज होतो," साहेब म्हणाले.

"परत लावून कधी बघितलाय, सर?"

"तशी वेळच आली नाही. उत्तम बॅकअप आहे."

त्या मशीनवर रंगीत तालीम करायची, सातवरून थेट नऊवर उडी न मारता आधी आठवर जायचं, पगाराचं सॉफ्टवेअर तिथे चालतंय का ते बघायचं, आणि मगच खऱ्या सर्व्हरला हात लावायचा. इथवर साहेबांनी ऐकून घेतलं. पुढच्या ओळीवर त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. अपग्रेडच्या आधी, काहीही न बदलता, सर्व्हर एकदा नुसता रीबूट करायचा!

"काही बदलायचंच नाही, तर बंद कशाला करायचा?"

कारण साधं होतं. इतकी वर्षं चालू असलेल्या सर्व्हरच्या फायलींत कुणी काय खरडून ठेवलंय, ते तो पुन्हा सुरू होताना कळतं. डिस्क जोडण्याच्या यादीत एखादी ओळ चुकलेली असते आणि ती लिहिणारा केव्हाच बदली होऊन गेलेला असतो. अपग्रेडनंतर मशीन उठलं नाही, तर हे पाप नव्या आवृत्तीचं की जुन्या माणसाचं, हे कसं ठरवणार? शिवाय मधल्या काळात कर्नलचे पॅच आले आणि बसवलेही गेले, पण रीबूटच नाही म्हटल्यावर ते डिस्कवर नुसते पडून. मशीन चालवतोय जुनाच कर्नल. साहेबांचा विक्रम तो हाच.

तिने कन्सोलही मागितला होता. नव्या आवृत्तीत नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं. तसं झालं की लांबून लॉगिन करायची वाट बंद, मग रॅकसमोर कीबोर्ड घेऊन उभं राहण्यावाचून इलाज नाही. सर्व्हर-रूमची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई निवडणुकीच्या ड्यूटीवर. शेवटचं कलम असं, की रात्री दोनपर्यंत जमलं नाही तर निमूटपणे जुन्यावर परत यायचं.

"परत यायचंच आहे, तर जायचं कशाला?"

प्रकरण समितीकडे गेलं. तिथे साहेबांनी मर्स्कचा दाखला काढला. २७ जून २०१७ला नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने या डॅनिश जहाज कंपनीचा घास घेतला, आपल्या न्हावाशेव्यातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. तो आला कुठून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! समिती शहारली. विंडोजच्या ज्या भोकातून तो पुढे पसरला, त्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता, हे मुलीने सांगितलं. इतिवृत्तात त्याची नोंद नाही.

पुढचा किस्सा मात्र सगळ्यांनी कान देऊन ऐकला. कंपनीभरच्या खात्यांची यादी सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ते एकमेकांच्या प्रती ठेवायचे म्हणून निराळ्या बॅकअपची फिकीर कुणी केली नव्हती, आणि ते सगळे एकदमच पुसले गेले. वाचला एकच, घानातला. हल्ल्याच्या आधीच तिथली वीज गेली होती! तिथल्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून त्याने नायजेरियाच्या विमानतळावर हार्डडिस्क दुसऱ्याच्या हवाली केली आणि ती इंग्लंडला पोचली.

समितीला दिशा सापडली. अपग्रेडचा प्रस्ताव नस्तीबंद झाला. सर्व्हरची एक प्रत, जिथे वीज भरवशाने जाते अशा तालुक्याच्या गावी ठेवावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला आणि इच्छुक तालुक्यांकडून ऑनलाइन अर्ज मागवले गेले. अर्जांना आता मुदतवाढ दिली आहे. सर्वांत पात्र तालुक्यांचे अर्ज भरता भरताच लाईट जाते.