मोरीतली सोन्याची खाण

एक टन जुन्या मोबाइलमध्ये एक टन खनिजापेक्षा कितीतरी पट जास्त सोनं असतं, हे खरंच आहे. घरगुती किमयागार मात्र यातला ‘टन’ हा शब्द सोयीने विसरतो आणि खणातले तीन मेलेले फोन घेऊन सोनं काढायला मोरीत बसतो. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने सुमारे ७९ हजार टन इलेक्ट्रॉनिक भंगार जमवलं, त्यात ६२ लाख मोबाइल. सोनं निघालं ३२ किलो. म्हणजे या सरमिसळ भंगाराच्या टनामागे अर्धा ग्रॅमही नाही! कुणी म्हणेल, जुन्या सिरॅमिक चिपांत सोनं जास्त असतं. असतं ना, पण ते भंगारवाल्यालाही ठाऊक आहे, आणि तो भावही तसाच लावतो. नव्या चिपांत तर सोन्याच्या तारेची जागा बऱ्याच ठिकाणी तांब्याने घेतली आहे. उरली कृती. सोनं विरघळवायला बहुधा अम्लराज, म्हणजे जहाल आम्लांचं मिश्रण, वापरतात, आणि त्यातून उठणाऱ्या तपकिरी वायूने फुप्फुसात पाणी साठू शकतं, तेही काही तासांनी, ‘मला काहीच झालं नाही’ असं सांगून झाल्यावर. ‘पण आम्ही खिडकी उघडी ठेवतो!’ ठेवा की. शेजाऱ्यांनाही थोडा वाटा मिळू दे. तांबं-शिसं विरघळलेलं उरलंसुरलं पाणी मोरीतून जातंच गावाच्या नदीला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. इथे मसाला मात्र सगळ्या आळीने खायचा.